राउटर रीस्टार्ट झाला की ५ गिगाहर्ट्झ गायब: देशाच्या कोडचा घोळ कसा सोडवायचा

तक्रार बहुतेक वेळा तीनपैकी एका रूपात येते. कालपर्यंत चालणारं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क राउटर बंद-चालू केल्यावर दिसेनासं होतं, फक्त २.४ उरतं. किंवा राउटर चॅनल १३ वर जातो आणि फोनला दिसणारं नेटवर्क लॅपटॉपला दिसत नाही. किंवा सेटिंगमध्ये देश निवडून सेव्ह केला तरी दुसऱ्या दिवशी जुनाच देश जागेवर बसलेला असतो. लोक आधी रीसेट करतात, मग फर्मवेअर बदलतात, शेवटी नवा राउटर आणतात, आणि नव्यातही तेच होतं.

यातलं काहीही करण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं शोधा. राउटर स्वतःला कोणत्या देशात समजतोय? आणि हे त्याला कोणी सांगितलं? कोणते चॅनल आणि किती पॉवर चालेल हे प्रत्येक देश वेगळं ठरवतो, आणि राउटर त्याच्याकडे असलेल्या देशाच्या दोन अक्षरी कोडप्रमाणे ते नियम पाळतो.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. घरगुती राउटरला आपण कुठे आहोत हे कळण्याचं साधन सहसा नसतंच. त्यात जीपीएस नसतो. कोणीतरी सांगतं आणि तो ते मानतो. सांगणारे मात्र एकाहून अधिक असतात. त्यांचं आपसात पटलं नाही, तर सगळ्यांना मान्य असेल तेवढंच चालतं, बाकीचे चॅनल बंद. म्हणून एकाच जागी देश बदलून काम होत नाही. आधी भांडण कोणाकोणात आहे ते पाहावं लागतं.

आधी खात्री करा की हा देशाचाच प्रश्न आहे

५ गिगाहर्ट्झ नेटवर्क एक मिनिटाने आपोआप उगवत असेल तर काही बिघडलेलं नाही. चॅनल ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे रडारसोबत वाटून घेतलेले चॅनल आहेत. जिथे रडार तपासण्याचा नियम लागू आहे, तिथे या चॅनलवर बोलण्याआधी राउटरने ६० सेकंद नुसतं ऐकायचं असतं. युरोपात ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झ हा पट्टा हवामान रडारचा आहे, तिथे हे ऐकणं १० मिनिटांचं असतं. चॅनल १२० ते १२८ यात येतात. ८० मेगाहर्ट्झ रुंदी ठेवली तर ११६ ते १२८ हा अख्खा गट त्यात अडकतो.

फसगत होते ती १६० मेगाहर्ट्झ रुंदीत. सेटिंगमध्ये चॅनल ३६ दिसतो, ३६ ला रडारची अट नाही, मग थांबायचं कशाला? कारण १६० मेगाहर्ट्झचा गट ३६ पासून ६४ पर्यंत पसरतो आणि त्याचा वरचा अर्धा भाग रडारच्या पट्ट्यात आहे. रुंदी ८० वर आणा, नेटवर्क लगेच सुरू होईल. झालं तर प्रश्न देशाचा नव्हता.

चालू असताना नेटवर्क अचानक गेलं आणि दुसऱ्याच चॅनलवर आलं, तर राउटरला रडार ऐकू आलं किंवा तसा भास झाला. नियमाप्रमाणे तो चॅनल १० सेकंदांत सोडायचा आणि पुढची ३० मिनिटं तिकडे फिरकायचं नाही. लॉगमध्ये ‘डीएफएस रडार डिटेक्टेड’ अशी ओळ असते (डीएफएस म्हणजे रडार ऐकून चॅनल सोडण्याची ही व्यवस्था). ती असेल तर देशाची सेटिंग चाळवू नका, चॅनल ३६ ते ४८ मध्ये आणून ठेवा. १४९ ते १६१ हा दुसरा पर्याय आहे, पण जपानात तो नाही आणि युरोपातल्या सर्वसाधारण नियमांत तिथे फक्त २५ मिलिवॉट मिळतात.

दहा-पंधरा मिनिटं वाट पाहूनही ५ गिगाहर्ट्झ येत नसेल, किंवा चॅनलच्या यादीतून ठरावीक चॅनलच उडालेले असतील, तर पुढे वाचा.

राउटरला देश सांगणारे

पहिला सांगणारा कारखाना. रेडिओच्या कॅलिब्रेशनची माहिती ज्या चिपमध्ये किंवा फ्लॅशच्या ज्या भागात असते, तिथेच एक नियमन-कोड लिहिलेला असतो. अथेरॉस कंपनीच्या चिपवरच्या रेडिओत हा कोड सुरुवातीच्या लॉगमध्ये छापून येतो. हेक्समध्ये ८३४८ दिसलं तर सुरुवातीचा ८ म्हणजे ‘पुढे देशाचा क्रमांक आहे’, आणि उरलेला ३४८ दशमानात करा: ८४०, म्हणजे अमेरिकेचा आयएसओ क्रमांक. नुसता शून्य असेल तर तो ड्रायव्हर अमेरिका धरतो. त्यामुळे ‘मी कधीच अमेरिका निवडली नाही’ असं म्हणणाऱ्याच्या लॉगमध्ये अमेरिका सापडते, आणि चॅनल १२-१३ न दिसण्याचं कारणही तिथेच सापडतं.

अमेरिकेत विकले जाणारे राउटर तर कुलूपबंदच असतात. वापरणाऱ्याला अमेरिकेबाहेरचा देश निवडता येता कामा नये अशी तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामकाची अट आहे, म्हणून मेनूमध्ये देशाचा रकाना एकतर नसतो किंवा करड्या रंगात गोठलेला असतो. तिथून आणलेल्या अशा राउटरवर स्थानिक देश लावण्याचा सरळ मार्ग नाही. मोठ्या कंपन्यांच्या ॲक्सेस पॉइंटमध्ये, म्हणजे नुसतं वाय-फाय पुरवणाऱ्या डब्यांत, हीच विभागणी मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या अक्षरांत दिसते: अमेरिकेसाठी एक, जपानसाठी एक, उरलेल्या जगासाठी एक. ते सगळे चालवणाऱ्या कंट्रोलरवर देश बरोबर आणि ॲक्सेस पॉइंट जोडूनही रेडिओ बंद, असं असेल तर डब्यावरची ती अक्षरं वाचा. सॉफ्टवेअरमध्ये तासन्‌तास घालवलेल्यांचं उत्तर बऱ्याचदा स्टिकरवर असतं.

दुसरा सांगणारा तुम्ही, म्हणजे सेटिंगचं पान. तिसरा शेजार. प्रत्येक नेटवर्क सेकंदाला साधारण दहा वेळा बीकन, म्हणजे ‘मी इथे आहे’ असा छोटा संदेश, पाठवतं. त्यात देशाचा एक छोटा मजकूर असू शकतो, वाय-फायच्या मानकातल्या २००१ च्या ८०२.११डी या सुधारणेने आणलेला. त्यात तीन अक्षरांची जागा असते. पहिली दोन देशाच्या कोडची. तिसऱ्या जागी मोकळी जागा असेल तर नियम घरात-बाहेर सगळीकडे लागू, ‘ओ’ असेल तर फक्त बाहेर, ‘आय’ असेल तर फक्त घरात. पुढे तीन-तीन आकड्यांचे गट: पहिला चॅनल, तिथून किती चॅनल, आणि कमाल पॉवर डीबीएम या एककात. फोन, लॅपटॉप आणि रिपीटर हा मजकूर वाचतात आणि बऱ्याचदा त्यावर विश्वास ठेवतात. हा विश्वास डोळे झाकून असतो, कारण बीकनमधला देश खरा आहे का हे तपासण्याची सोय त्या मजकुरात नाही.

चौथा इंटरनेटचा पत्ता. क्लाउडवरून चालवले जाणारे काही ॲक्सेस पॉइंट आयपी पत्त्यावरून देश काढतात. सगळी वाहतूक व्हीपीएनमधून किंवा दुसऱ्या देशातल्या मुख्यालयातून बाहेर पडत असेल तर ॲक्सेस पॉइंट त्या देशात गेला म्हणून समजा.

पाचवा मोबाइल नेटवर्क. फोन आणि सिमवर चालणारे राउटर टॉवरने पाठवलेला तीन आकडी देश-क्रमांक घेतात. भारताचे ४०४ आणि ४०५, अमेरिकेचे ३१० पासून पुढचे. फोन विमान मोडमध्ये असेल, सिम नसेल किंवा टॉवर सापडत नसेल तर ही माहिती आटते. अशा वेळी हॉटस्पॉटमध्ये ५ गिगाहर्ट्झचा पर्याय निवडता येत नाही. फोन बिघडलेला नसतो. त्याला देश माहीत नसतो, एवढंच.

सहावा जीपीएस. तो आला ६ गिगाहर्ट्झमुळे, त्याबद्दल शेवटी.

कोड वाचायचा कसा

लिनक्सवर चालणारा राउटर, ओपन-डब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त लिनक्स प्रणाली), रास्पबेरी पाय हा छोटा संगणक किंवा साधा लॅपटॉप असेल तर टर्मिनलमध्ये ‘आयडब्ल्यू रेग गेट’ (iw reg get) ही कमांड द्या. रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान, शब्दांत मोकळी जागा. उत्तरात आधी ‘ग्लोबल’ असा भाग येतो. काही रेडिओंसाठी खाली ‘फाय’ आणि क्रमांक असा वेगळा भाग येतो. दोन्ही वाचा. बरेच जण वरचा वाचून थांबतात आणि गोष्ट खाली असते.

‘००’ दिसलं तर राउटरला देश माहीत नाही आणि तो जगभर चालेल असे सावध नियम पाळतोय. यात चॅनल १ ते ११ वर बोलता येतं. १२ आणि १३ वर, आणि ५ गिगाहर्ट्झच्या सगळ्या पट्ट्यांवर ‘नो आयआर’ असा शिक्का असतो. त्याचा अर्थ ‘स्वतःहून बोलायला सुरुवात करू नकोस’. लॅपटॉपला याने फारसं बिघडत नाही, कारण दुसऱ्याचं बीकन ऐकून मग तो बोलतो. ॲक्सेस पॉइंटला मात्र पहिलं बीकन स्वतःच पाठवावं लागतं. म्हणून ‘००’ असताना त्याच मशीनवर इंटरनेट ५ गिगाहर्ट्झवर मिळतं, पण हॉटस्पॉट ५ वर उभा राहत नाही.

‘९८’ दिसलं तर दोघांनी वेगवेगळे देश सांगितले आणि कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या मूळ प्रोग्रॅमने, दोन्हींत जे सामायिक आहे तेवढंच ठेवलं. ‘९९’ म्हणजे ड्रायव्हरने स्वतःचे, कुठल्याही एका देशाचे नसलेले नियम लावले. ‘सेल्फ मॅनेज्ड’ असा शब्द असेल तर त्या रेडिओचे नियम त्याचं फर्मवेअर ठरवतं, तुमची कमांड नव्हे.

त्यानंतर ‘आयडब्ल्यू लिस्ट’ देऊन चॅनलच्या ओळी पाहा. ओळीपुढे ‘डिसेबल्ड’ असेल तर चॅनल पूर्ण बंद. ‘नो आयआर’ असेल तर फक्त ऐकण्यापुरता. ‘रडार डिटेक्शन’ असेल तर वापरता येतो, पण आधी थांबून.

मॅकवर ऑप्शन की दाबून वर वाय-फायच्या खुणेवर क्लिक केलं की जोडलेल्या नेटवर्कच्या तपशिलात देशाचा कोड दिसतो. वायरलेस डायग्नोस्टिक्स चालवलं तर परस्परविरोधी देश-कोड असल्याची सूचनाही ते देतं. ती सूचना आली की निम्मं निदान झालंच.

सेव्ह केलेला देश परत फिरतो

कंपनीच्या फर्मवेअरवर हे होत असेल तर पहिला संशय सेवा पुरवठादारावर घ्या. त्याने दिलेला राउटर दूरस्थ व्यवस्थापनाखाली असतो आणि ठरावीक वेळाने किंवा प्रत्येक रीस्टार्टला वरून सेटिंग उतरते. तुम्ही बदललेला देश त्या वेळी पुसला जातो. त्याच्याकडूनच बदलून घ्या, किंवा त्याच्या राउटरचं वाय-फाय बंद करून मागे स्वतःचा ॲक्सेस पॉइंट लावा.

ओपन-डब्ल्यूआरटीवर देश रेडिओगणिक लिहावा लागतो. २.४ च्या विभागात एक आणि ५ च्या विभागात दुसरा देश, किंवा एकात काहीच नाही, ही नेहमीची चूक. ‘यूसीआय शो वायरलेस’ ही कमांड देऊन ‘कंट्री’ची ओळ प्रत्येक रेडिओला आहे ना आणि सारखीच आहे ना, ते पाहा.

कोड मोठ्या अक्षरांत लिहा, लहान अक्षरांतला कोड नियमांच्या यादीत सापडेलच असं नाही. आणि कोड आयएसओ ३१६६ च्या दोन अक्षरी यादीतला हवा, अंदाजाने बनवलेला नको. ब्रिटनसाठी ‘यूके’ लिहिणारे पुष्कळ आहेत. यादीत ब्रिटनचा कोड ‘जीबी’ आहे. ‘यूके’ दिलं की आज्ञा तक्रार न करता निघून जाते आणि नियम होते तसेच राहतात. शांतपणे न चालणारी सेटिंग सर्वांत जास्त वेळ खाते.

रीस्टार्टनंतरच बिघडत असेल

इथे बहुधा क्रमाची चूक असते. लिनक्समध्ये देशांचे नियम ‘रेग्युलेटरी डॉट डीबी’ या फाइलमध्ये असतात. वाय-फायचा गाभा कर्नलमध्येच कायमचा बसवलेला असेल, तर तो डिस्क जोडली जाण्याआधीच ही फाइल मागतो आणि ती मिळत नाही. लॉगमध्ये या फाइलच्या नावापुढे ‘फेल्ड विथ एरर उणे २’ अशी ओळ येते. उणे २ म्हणजे फाइल सापडली नाही. तीन गोष्टी क्रमाने करा.

१. ‘वायरलेस-रेगडीबी’ हे पॅकेज बसवलेलं आहे का ते पाहा. जुन्या मांडणीत नियम पुरवण्याचं काम ‘सीआरडीए’ नावाचा वेगळा प्रोग्रॅम करायचा. जुने लेख वाचून तोच शोधत बसू नका.

२. फाइल आहे पण सुरुवातीला मिळत नसेल तर ती आणि तिची सही, म्हणजे त्याच नावाची ‘पी७एस’ फाइल, दोन्ही सुरुवातीच्या रॅमडिस्कमध्ये (डिस्क जोडण्याआधी मेमरीत उघडणाऱ्या छोट्या फाइलसंचात) घाला. नाहीतर वाय-फायचा गाभा मॉड्यूल म्हणून बांधा.

३. फाइल मिळते, पण लॉगमध्ये सही चुकीची किंवा गायब असल्याची ओळ येते? डेबियनवर स्वतः बांधलेलं कर्नल चालवणाऱ्यांना हे भेटतं. डेबियन स्वतःच्या किल्लीने सही केलेली फाइल पुरवतं आणि मूळ प्रकल्पाच्या सहीची दुसरीही ठेवतं. तुमच्या कर्नलला डेबियनची किल्ली माहीत नसते. ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ वापरून शेवटी ‘अपस्ट्रीम’ असलेल्या फाइलकडे वळवा.

रास्पबेरी पायवर प्रकार थोडा वेगळा आहे. देश ठरेपर्यंत तो वाय-फाय ‘आरएफकिल’ या रेडिओच्या कुलपाने बंदच ठेवतो. ‘रास्पी-कॉन्फिग’मध्ये स्थानिकीकरणाच्या भागात वायरलेस लॅनचा देश निवडला की कुलूप निघतं. भाषा आणि वेळेचा पट्टा बरोबर असला तरी चालत नाही, वाय-फायचा देश वेगळा निवडावाच लागतो.

‘होस्टएपीडी’ हा ॲक्सेस पॉइंट उभा करणारा प्रोग्रॅम हाताने चालवत असाल तर त्याच्या फाइलमध्ये देशाचा कोड, ‘८०२११डी’ची ओळ १ आणि ५ गिगाहर्ट्झसाठी ‘८०२११एच’ची ओळही १ हवी. सुरुवातीला स्थिती ‘कंट्री अपडेट’वर जाऊन मग ‘मागितलेला चॅनल यादीत नाही’ किंवा ‘हार्डवेअर या चॅनलला पाठिंबा देत नाही’ अशा अर्थाची ओळ आली तर हार्डवेअरला दोष देऊ नका. ‘आयडब्ल्यू लिस्ट’मध्ये त्या चॅनलपुढे ‘नो आयआर’ असतं, तेच खरं कारण.

इंटेलचं कार्ड आणि ५ गिगाहर्ट्झ हॉटस्पॉट

यावर वेगळा परिच्छेद लागतो, कारण इथे लोक आठवडे घालवतात. इंटेलच्या बऱ्याच वाय-फाय कार्डांत स्थान ओळखून नियम ठरवण्याची व्यवस्था फर्मवेअरमध्येच आहे. कार्ड आसपासची बीकन ऐकतं, त्यावरून देश ठरवतं आणि कर्नलला कळवतं. ‘आयडब्ल्यू रेग सेट’ दिल्यावर वरचा ग्लोबल भाग बदलतो, खालचा ‘सेल्फ मॅनेज्ड’ भाग जसाच्या तसा. आजूबाजूला देशाचा मजकूर पाठवणारं नेटवर्क नसेल तर ५ गिगाहर्ट्झवर हॉटस्पॉट सुरूच होत नाही. पूर्वी ड्रायव्हरला एक पर्याय देऊन ही व्यवस्था बंद करता यायची. नव्या कर्नलमध्ये तो पर्याय काढून टाकला आहे, त्यामुळे जुन्या मार्गदर्शनातली ती ओळ आता नुसती चूक दाखवते.

मार्ग दोन. जवळ देश पाठवणारं ५ गिगाहर्ट्झ नेटवर्क असेल तर आधी स्कॅन करा, ‘आयडब्ल्यू रेग गेट’मध्ये खालचा भाग बदलला का पाहा, मग हॉटस्पॉट सुरू करा. हे दर वेळी सारखं चालेल याची खात्री नाही. कायमचं काम असेल तर ॲक्सेस पॉइंटसाठी बनलेला दुसऱ्या चिपचा रेडिओ वापरा. लॅपटॉपचं कार्ड हे जोडून घेण्यासाठी बनवलेलं असतं, त्याला राउटर बनवण्याचा हट्ट महागात पडतो.

शेजारचा एक राउटर दुसऱ्या देशात ‘राहतो’

लॅपटॉप कधी चॅनल १३ पाहतो, कधी नाही. जागा बदलली की वागणं बदलतं. अशा वेळी संशय शेजारच्या बीकनवर. कोणीतरी परदेशातून राउटर आणलेला असतो आणि तो अजून जुन्या देशाचाच कोड ओरडत असतो.

शोधायचं असं: लिनक्सवर ‘आयडब्ल्यू डेव्ह’, इंटरफेसचं नाव आणि ‘स्कॅन’ अशी कमांड प्रशासकाच्या हक्काने चालवा. प्रत्येक नेटवर्कखाली ‘कंट्री’ची ओळ, घरात की बाहेर हा उल्लेख आणि चॅनलचे गट दिसतील. सगळ्यांचे कोड शेजारी शेजारी लिहा, वेगळा असलेला उठून दिसतो. पॅकेट पकडता येत असतील तर वायरशार्कमध्ये बीकनच्या टॅगमध्ये क्रमांक ७ चा टॅग पाहा, तोच देशाचा मजकूर.

वेगळा कोड तुमच्याच एखाद्या जुन्या एक्स्टेंडरचा निघाला तर उत्तम, तो दुरुस्त करा. दुसऱ्याचा असेल तर तुमच्या हातात दोनच गोष्टी आहेत. तुमच्या प्रत्येक ॲक्सेस पॉइंटवर योग्य देश आणि ८०२.११डी चालू ठेवा, म्हणजे जवळून बरोबर कोड ऐकू येईल. आणि चॅनल असे निवडा की कुठलाही कोड धरला तरी ते चालावेत: २.४ मध्ये १, ६, ११ आणि ५ मध्ये ३६ ते ४८. बऱ्याच छोट्या स्मार्ट उपकरणांसाठीही हेच करावं लागतं. ती १२-१३ वर स्वतःहून शोध घेत नाहीत, नुसती ऐकतात, आणि जोडणी सुरू करायला त्यांना उशीर होतो किंवा जमतच नाही. ऑटो चॅनलची सेटिंग मात्र खुशाल १३ निवडते. घरात अशी उपकरणं असतील तर २.४ वर ऑटो बंदच ठेवा.

रिपीटरमध्ये हेच भांडण एका डब्याच्या आत होतं. तो वरच्या राउटरला जोडला की त्याचा देश घेतो, आणि त्याच रेडिओवर स्वतःचं नेटवर्क तुम्ही लिहिलेल्या देशाने चालवू पाहतो. दोन देश वेगळे असतील तर जोडणी होताच स्वतःचं नेटवर्क पडतं, ते पडलं की पुन्हा उभं राहतं, पुन्हा पडतं. दर मिनिटाला उगवणारं-मावळणारं नेटवर्क दिसलं तर दोन्हीकडचे कोड जुळवा. एकाच मशीनला दोन देशांचे रेडिओ असतील, म्हणजे आतला एक आणि यूएसबीवरचा एक, तरी कर्नल सामायिक नियमांवर उतरतो आणि ‘९८’ दिसू लागतं. यूएसबीचा काढून रीस्टार्ट करा. ‘९८’ गेलं तर गुन्हेगार सापडला.

पॉवर कमी दिसते म्हणून देश बदलू नका

हा सल्ला सर्रास दिला जातो. तो बेकायदा आहे, आणि उपयोगाचाही नाही. युरोपात २.४ वर कमाल १०० मिलिवॉट, म्हणजे २० डीबीएम. अमेरिकेत रेडिओतून १ वॉट आणि त्यावर ६ डीबीआयचा अँटेना (डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल किती वाढवतो त्याचं माप), म्हणजे ३६ डीबीएम. आकडे पाहून मोह होतो. पण राउटर मोठ्याने बोलला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो. फोनवर सिग्नलच्या रेघा पूर्ण दिसतात आणि पान उघडत नाही, कारण फोनचं उत्तर राउटरपर्यंत पोहोचत नाही. शिवाय बरेच रेडिओ कॅलिब्रेशनपलीकडे पॉवर देतच नाहीत. आकडा बदलतो, प्रत्यक्ष पॉवर नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत एका राउटर कंपनीला नेमक्या याच कारणाने २ लाख डॉलर भरावे लागले: तिच्या राउटरमध्ये दुसरा देश निवडला की पॉवर ठरलेल्या मर्यादेपलीकडे जात होती.

पॉवर खरोखर कमी असेल तर अँटेनाचा हिशोब तपासा. युरोपातल्यासारखी मर्यादा अँटेनासकट मोजायची असते. मर्यादा २३ डीबीएम आणि अँटेना ५ डीबीआयचा असेल तर रेडिओने १८ च द्यायचे. ‘अँटेना गेन’च्या रकान्यात कोणी १५ लिहून ठेवलं असेल तर रेडिओ ८ डीबीएमवर येतो. ३ डीबी कमी म्हणजे पॉवर निम्मी, आणि इथे १० डीबी कमी म्हणजे दहावा हिस्सा. नेटवर्क दुसऱ्या खोलीत पोहोचत नाही याचं कारण असा एखादा रकानाही असू शकतो.

६ गिगाहर्ट्झ: इथे राउटरला खरंच जागा माहीत असावी लागते

या पट्ट्यात आधीपासून मायक्रोवेव्ह दुवे, म्हणजे टॉवर ते टॉवर रेडिओ जोडण्या, आहेत. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये ५९२५ ते ७१२५ मेगाहर्ट्झ खुलं केलं, युरोपाने २०२१ मध्ये ५९४५ ते ६४२५ इतकंच. त्यामुळे चुकीच्या देशाच्या कोडने इथे पट्ट्याचा अर्ध्याहून मोठा भाग येतो किंवा जातो.

घरात वापरायचा कमी पॉवरचा प्रकार जागा विचारत नाही, नुसता देश पुरतो. जास्त पॉवरच्या, बाहेर लावता येणाऱ्या प्रकाराला अमेरिकेत ‘एएफसी’ या, जागेनुसार चॅनल ठरवणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेला विचारूनच बोलायची परवानगी आहे. राउटर स्वतःचे अक्षांश-रेखांश, त्यात किती मीटरची चूक असू शकते हे ९५ टक्के खात्रीने, आणि अँटेनाची उंची कळवतो. उत्तरात त्या जागी कोणते चॅनल आणि किती पॉवर चालेल ते येतं. हे रोज विचारावं लागतं. एखाद्या दिवशी संपर्क झाला नाही तर दुसऱ्या दिवशी रात्री ११:५९ पर्यंत चालवता येतं, मग जास्त पॉवर बंद.

म्हणून ‘दोन दिवसांनी रेंज कमी होते’ अशी तक्रार आली तर फायरवॉल पाहा: राउटरची एएफसीकडे जाणारी वाट अडली आहे का? ‘पहिल्यापासूनच चॅनल फार कमी मिळतात’ असं असेल तर बहुधा जीपीएसचा दोष. काँक्रीटच्या छताखाली उपग्रह दिसत नाहीत आणि जागेतल्या संभाव्य चुकीची त्रिज्या शेकडो मीटरवर जाते. व्यवस्था त्या अख्ख्या वर्तुळात कुठेही राउटर असू शकतो असं धरते, आणि वर्तुळात एक जरी मायक्रोवेव्ह दुवा आला तरी त्याचे चॅनल कापते. बाहेरचा जीपीएस अँटेना खिडकीशी लावा, त्रिज्या खाली आली की चॅनल परत येतात.

६ गिगाहर्ट्झ नेटवर्क चालू आहे पण फोनला दिसत नाही, असं असेल तर आणखी दोन गोष्टी तपासा. या पट्ट्यात डब्ल्यूपीए३ सक्तीचं आहे, जुनी सुरक्षा निवडली तर नेटवर्क उभं राहत नाही. आणि फोन ६ चा पत्ता बहुधा २.४ किंवा ५ च्या बीकनमधून घेतो. ते दोन्ही बंद करून नुसतं ६ ठेवलं तर शोध खूप लांबतो. ५ चालू ठेवा, त्यावर देशाचा कोड तोच ठेवा, आणि फोनचं विमान मोड एकदा चालू-बंद करून त्याला देश नव्याने ठरवू द्या.